सीट रिकामी तरी टीं-टीं, एअरबॅगचा दिवा आणि गरम होणारी गादी

दिवाळी उरकली, तुरीला फूल आलं, की माझ्या दुकानात दोन तक्रारी सुरू होतात. पहिली : "भाऊ, बाजूच्या सीटवर कोणी नाही, तरी गाडी टीं-टीं करून राहिली." दुसरी : "एअरबॅगचा दिवा लागला तो लागलाच, विझत नाही." मी वरोऱ्याला गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. गेल्या काही हिवाळ्यांपासून या दोघींना तिसरी जोड मिळाली आहे, ती म्हणजे सीटवर टाकायची गरम गादी. उन्हाळ्यात ४५-४६ अंश सोसणाऱ्या चंद्रपूर जिल्ह्यात सीट गरम करायची गादी म्हटलं की बाहेरचे हसतात. डिसेंबरात पहाटे पाचला कापसाची गाडी घेऊन निघालेला माणूस हसत नाही. आणि ज्याची कंबर धरली आहे तो तर मुळीच नाही.

लोक तिन्ही गोष्टी वेगळ्या समजतात. मी सीट खोलतो तेव्हा बहुतेक वेळा तिन्ही एकाच ठिकाणी, एकाच माणसाच्या हातून बिघडलेल्या सापडतात. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो.

आधी दिवा ओळखा

डॅशबोर्डवर दोन चित्रं असतात आणि दोन्हींत बसलेला माणूस असतो. एकात त्याच्या छातीवरून तिरका पट्टा गेलेला दिसतो. तो बेल्टचा दिवा. दुसऱ्यात त्याच्या पुढ्यात मोठा गोल असतो. तो एअरबॅगचा. बेल्टचा दिवा लागून टीं-टीं होत असेल, तर गाडी तुम्हाला काहीतरी सांगते आहे. एअरबॅगचा दिवा लागून राहिला, तर गाडी स्वतःबद्दल सांगते आहे : माझ्यात बिघाड आहे, धडक झाली तर मी कामी येईनच असं धरू नका. पहिला प्रकार कटकटीचा, दुसरा धोक्याचा. लोक मात्र कटकटीच्या मागे दुकानात धावत येतात आणि धोक्याचा दिवा घेऊन सहा-सहा महिने फिरतात, कारण तो बिचारा आवाज करत नाही.

चाबी फिरवली की एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून आपोआप विझला पाहिजे. विझला नाही तर बिघाड. लागलाच नाही तरी बिघाडच, आणि जुनी गाडी घेताना हे विशेष बघा. दिवा विझत नाही म्हणून तो आतून काढून ठेवलेल्या दोन गाड्या मी स्वतः पाहिल्या आहेत. घेणाऱ्याला वाटतं, वा, एकही दिवा नाही, गाडी चकाचक.

सीटखाली काय असतं

बाजूच्या सीटच्या कव्हराखाली, फोमच्या वर, पातळ प्लास्टिकची एक चटई असते. आम्ही तिला मॅट म्हणतो. तिच्या दोन थरांत जागोजागी संपर्काचे ठिपके असतात. वजन पडलं की थर एकमेकांना टेकतात आणि गाडीला कळतं की कोणीतरी बसलं. आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना चालक आणि त्याच्या बाजूचा प्रवासी, दोघांसाठीही बेल्टची आठवण देणारा आवाज सक्तीचा झाला. चालकाची एअरबॅगही त्याच दिवसापासून. बाजूच्या प्रवाशाची एअरबॅग २०२१ मध्ये सक्तीची झाली. म्हणून २०१९ आधीच्या कित्येक साध्या गाड्यांत ही मॅट नाही, आणि त्या गाड्यांचे मालक म्हणतात, "माझी जुनी गाडी नाही बा अशी वाजत."

इथे एक गैरसमज मोडतो. आपल्याकडच्या बहुतेक साध्या गाड्यांत ही मॅट फक्त बेल्टच्या आवाजासाठी असते. सीटवर मूल आहे की मोठा माणूस हे ओळखून ती एअरबॅग बंद-चालू करत नाही. ते काम करणारी सीट वेगळी. अमेरिकेत २००३ ते २००६ या काळात टप्प्याटप्प्याने नियम लागू झाला की पुढच्या सीटवर लहान मूल असताना एअरबॅग त्याच्या जिवावर उठता कामा नये. तेव्हापासून तिथल्या गाड्यांच्या सीटमध्ये वजन ओळखण्याची यंत्रणा आली. कुठे फोमखाली द्रवाची पिशवी, कुठे सीटच्या पायात ताण मोजणारे सेन्सर, कुठे अंगाच्या जवळपणाने बदलणारं विद्युत क्षेत्र ओळखणारी जाळी. आपल्याकडे हे काही महागड्या गाड्यांत असतं. ओळखायची खूण म्हणजे समोर 'पॅसेंजर एअरबॅग ऑफ' असा छोटा दिवा. काही गाड्यांत तोच दिवा असतो, पण बंद-चालू चाबीने हातानं करायचं असतं. ते बटण डॅशबोर्डच्या डाव्या टोकाला, दार उघडल्यावर दिसतं. आपली गाडी यातली कोणती, हे तिच्यासोबत मिळालेल्या पुस्तकात लिहिलेलं असतं. ते पुस्तक बहुधा प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेरच आलेलं नसतं.

आता पिवळे कपलर, म्हणजे तारा जोडायचे-सोडायचे प्लग. एअरबॅगशी आणि धडकेत बेल्ट आवळणाऱ्या फटाक्याशी, म्हणजे बारीकशा स्फोटकाशी, संबंधित तारा जगभर पिवळ्या नळीत किंवा पिवळ्या कपलरमध्ये ठेवतात, म्हणजे मेकॅनिकने हात लावण्याआधी दोनदा विचार करावा. ज्या गाड्यांत सीटच्या कुशीत बाजूची एअरबॅग असते, त्यांत हे पिवळे कपलर नेमके सीटखाली, जिथे तुमच्या पाण्याच्या बाटल्या आणि कागदपत्रं लोळत असतात, तिथेच असतात.

सीट रिकामी, तरी आवाज

सगळ्यात आधी सीट खरंच रिकामी आहे का ते बघा. हसू नका. खताची पिशवी मागे ठेवायची राहते म्हणून पुढच्या सीटवर ठेवतात. युरियाची पिशवी ४५ किलोची असते, गाडीच्या दृष्टीने ती एक बारीक माणूसच. पण मॅटला तेवढं वजनही लागत नाही. टिफिनची पिशवी, भाजीची थैली, फवाऱ्याचा पंप नेमका ठिपक्यावर टेकला तर पुरे. सामान खाली पाय ठेवायच्या जागेत किंवा डिक्कीत ठेवा, आवाज गेला तर प्रश्न संपला.

सामान नाही, तरी वाजतं? मग सीट कव्हर बघा. आमच्याकडे जाड रेक्झिनचं कव्हर इतकं ओढून बसवतात की मॅट कायम दबलेली राहते. सीटखालचे इलास्टिकचे हूक सोडून बघा, आवाज थांबला तर कारण सापडलं. नाही थांबला तर ओल. पावसात काच उघडी राहिली, पाण्याची कॅन सांडली, फोम ओला झाला की मॅटला 'माणूस' दिसायला लागतो. दोन-चार दिवस ऊन द्या.

तरीही वाजत असेल तर मॅटचा दोन तारांचा कपलर सोडून मीटर लावता येतो. साध्या मॅटमध्ये सीट रिकामी असताना मीटर काहीच दाखवत नाही, आणि तळहाताने मधोमध दाबलं की रीडिंग येतं. न दाबताच रीडिंग येत असेल तर मॅट गेली. पण हे मीटरचं काम फक्त मॅटच्या तारेवर. पिवळ्या कपलरमध्ये साध्या मीटरच्या सुया कधीही घालू नका. मीटर मोजण्यासाठी स्वतःचा थोडा करंट सोडतो, आणि तारेच्या दुसऱ्या टोकाला स्फोटक असतं. टेस्ट लॅम्प तर त्याहून वाईट. रंगाची खात्री नसेल तर कपलर सोडूच नका.

आणि ती क्लिप. बेल्टच्या बकलमध्ये खुपसायची, पाठीमागे बाटलीचं झाकण उघडायची सोय असलेली. यात्रेत मिळायची, मग ऑनलाइन मिळू लागली. २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मोठ्या ऑनलाइन कंपन्यांना ती विक्रीतून काढायचा आदेश दिला आणि तेरा हजारांवर जाहिराती उतरवल्या गेल्या. तरी माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांत ती अजून असतेच. धडकेनंतर एअरबॅग सेकंदाच्या विसाव्या-तिसाव्या भागात फुगते. बेल्ट नसलेला माणूस तोवर सीट सोडून पुढे आलेला असतो, आणि फुगत्या पिशवीवर चेहरा नेऊन आदळतो. काही गाड्यांत तर बेल्ट लावला आहे की नाही यावर पिशवी किती जोराची धडक झाल्यावर उघडायची हे ठरतं. तिथे क्लिप लावणं म्हणजे गाडीला धादांत खोटं सांगणं.

एअरबॅगचा दिवा विझत नाही

हिवाळ्यात हे का वाढतं, तर माझ्या मते दोन कारणं. एक, दिवाळीआधी गाडी आतून धुऊन घेतात. दोन, पिकं निघाली की उंदीर घराकडे येतात.

धुण्याचं आधी. धुलाईवाला सीट काढतो. काढताना पिवळा कपलर सोडतो. इथवर ठीक. मग गाडी दोन हात पुढे घ्यायची म्हणून सीट बाहेर असताना चाबी फिरवतो. गाडीच्या मेंदूला, म्हणजे एअरबॅग सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला, त्या क्षणी दिसतं की एअरबॅग जागेवर नाही. तो बिघाडाचा कोड लिहून ठेवतो आणि दिवा लावतो. संध्याकाळी सीट बसली, कपलर लागला, सगळं व्यवस्थित. तरी दिवा तसाच, कारण कित्येक गाड्यांत तो कोड स्कॅनर लावून उडवावाच लागतो. गिऱ्हाईक म्हणतं धुलाईवाल्याने गाडी बिघडवली, धुलाईवाला म्हणतो मी तर फक्त पाणी मारलं. दोघांचंही खरं असतं. सीट काढायचीच असेल तर चाबी बंद, बॅटरीचा मायनस सोडा, दहा मिनिटं थांबा, मग कपलर. थांबायचं कारण असं की बॅटरी तुटली तरी एअरबॅग उघडता यावी एवढी वीज मेंदूत काही काळ साठवलेली असते. आणि सीट परत बसेपर्यंत चाबीला हात नाही. गाडी ढकला. आपल्याकडे ढकलायला माणसं कमी नाहीत.

धुतलेली नाही, तरी दिवा आहे, आणि सीट पुढे-मागे केली की कधी जातो कधी येतो? मग कपलर सैल किंवा तार ओढली गेलेली. शेतकऱ्याच्या गाडीत मला आणखी एक गोष्ट सापडते : कपलरच्या पिनांवर हिरवट बुरशीसारखा थर. युरिया हवेतलं पाणी ओढून घेतो. पिशवी फाटते, दाणे सीटच्या फटीतून खाली जातात, पावसाळाभर तिथे पाणचट होत राहतात आणि तांब्याला खातात. एअरबॅगच्या फटाक्याचा रोध साधारण दोन ओहम असतो. एवढ्या कमी आकड्यात पिनेवरच्या गंजाने थोडी जरी भर पडली तरी मेंदूला ते खुपतं. हॉर्नच्या तारेत हाच गंज असता तर वर्षभर कळलं नसतं.

म्हणूनच उंदराने खाल्लेली पिवळी तार पिळून, टेप मारून चालवायची नाही. टेपचा जोड आज दिवा विझवेल, पुढच्या पावसाळ्यात पुन्हा लावेल, आणि मधल्या काळात पिशवी उघडेल की नाही हे कोणालाच सांगता येणार नाही. तेवढा तारेचा तुकडा कंपनीचाच बदलून घ्या. मी हे काम स्वतः करत नाही, गिऱ्हाईकाला चंद्रपूर-नागपूरला पाठवतो. धंदा जातो, जाऊ द्या.

सीट कव्हराचं इथेच सांगून टाकतो. सीटच्या कडेला 'एअरबॅग' लिहिलेली पट्टी शिवलेली असेल तर त्या कुशीतून पिशवी बाहेर येणार आहे. तिथे सलग शिवणीचं कव्हर चढवलं तर ती येणार कुठून? त्या बाजूला उघडी किंवा खास कच्ची शिवण असलेलंच कव्हर घ्या.

गुरुजींची गादी

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. मागच्या हिवाळ्यात एक निवृत्त गुरुजी मुलासोबत दुकानात आले. तक्रार अशी की गाडीत जळका वास येतो. गुरुजींना बरीच वर्षं साखर, त्यात कंबरेची शीर दबलेली, उजव्या मांडीची मागची बाजू बधिर. कंबरेला शेक मिळावा म्हणून मुलाने हौसेने बाजूच्या सीटमध्ये गरम होणारा कार्बनचा पत्रा बसवून घेतला होता, कव्हराच्या आतून. कुठे बसवला ते सोडा.

वासाचं बोलता बोलता मुलगा म्हणाला, बाबांच्या मांडीला फोड आले आहेत, नागपूरला डॉक्टरकडे जाऊन आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी आईला दिसले. मी विचारलं, गादी किती वेळ चालू होती? "वरोरा ते नागपूर, पूर्ण. 'हाय'वर." म्हणजे शंभरेक किलोमीटर, दोन तास. गुरुजींना विचारलं, भाजलं तेव्हा कळलं नाही काय? ते म्हणाले, "नाही ना बावा. उलट बरं वाटून राहिलं होतं."

वरोऱ्याच्या माणसाला हे वाक्य कळायला वेळ लागत नाही. बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये सुरू केलेलं आनंदवन आमच्या गावाला लागून आहे. बधिर कातडीच्या हाताने चहाचा गरम पेला धरला की हात भाजतो आणि धरणाऱ्याला पत्ता लागत नाही, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. कुष्ठरोगात होतं तेच साखरेत, मणक्याच्या दुखण्यात, लकव्यात होऊ शकतं. चटका लागला की आपण दचकून सरकतो. ते दचकणंच गेलं, तर माणूस तव्यावर शांत बसून राहतो.

आणि तवा फार तापलेला असावा लागत नाही. लोकांना वाटतं भाजायला उकळतं पाणी लागतं. १९४७ मध्ये मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या दोन अमेरिकन संशोधकांनी कातडी किती उष्णतेला किती वेळात भाजते हे मोजलं, आणि त्यांचे आकडे अजून वापरले जातात. ४४ अंशाला साधारण सहा तास लागतात. तिथून पुढे दर अंशाला वेळ निम्म्याच्या आसपास येतो : ४५ ला तीन तास, ४६ ला दीड, ४७ ला पाऊण तास, ४९ ला दहा मिनिटांच्या आतबाहेर. आता गुरुजींचे दोन तास या हिशेबात बसवून बघा. गादी ४६ अंशाला असली तरी पुरे. अंगाची उष्णताच ३७, म्हणजे वर फक्त नऊ अंश. हाताला ते 'छान कोमट' लागतं.

हा प्रश्न काही आपल्या जुगाडापुरता नाही. कंपनीतून गरम सीट आलेल्या गाड्यांतही पाय लुळे असलेली माणसं भाजली आहेत. २०११ मध्ये अमेरिकेत जळिताचे डॉक्टर आणि गाडी-सुरक्षेचं काम करणारे लोक एकत्र येऊन तिथल्या सरकारी खात्याकडे गेले होते, की या सीटच्या उष्णतेला वरची मर्यादा घाला आणि ठरावीक वेळेने आपोआप बंद होण्याची सोय सक्तीची करा.

गुरुजींची सीट खोलली. कार्बनचा एक पत्रा पाठीत, एक बुडाखाली. उष्णता तोडणारा थर्मोस्टॅट फक्त पाठीच्या पत्र्यात. बुडाखालच्या पत्र्याला कोणी आवरणाराच नाही. तो सीटच्या खाचेत दुमडून घातलेला, आणि दुमडल्या जागी फोम पिवळा पडून करपलेला. वास तिथून. पुरवठा सिगारेट सॉकेटच्या तारेतून, आणि फ्यूज सारखा उडतो म्हणून तिथे पंधराच्या जागी वीस अँपिअरचा फ्यूज ठोकलेला. हे सगळं वाईट, पण रोजचं. खरा धक्का पुढे होता. पत्रा सपाट बसत नाही म्हणून बसवणाऱ्याने बेल्टची मॅट बाहेर ओढून सीटखाली गुंडाळून ठेवली होती, कपलर सोडून, वर टेप मारून. म्हणजे त्या सीटवर कोणी बसलं आहे हे गाडीला कळायचंच बंद झालं होतं. दोन महिने गुरुजी बेल्टशिवाय बसत होते आणि गाडी गप्प होती.

मुलाला विचारलं, आवाज बंद झाला हे लक्षात नाही आलं? तो म्हणाला, "आलं न. मला वाटलं, चला, हेही काम करून दिलं त्याने."

तुमच्याकडे गादी असेल तर

बसणाऱ्याला साखर आहे आणि पाय बधिर आहेत, मणक्याचं दुखणं आहे, लकवा झालेला आहे, किंवा झोपेच्या गोळ्या चालू आहेत, तर सीट गरम करूच नका. 'लो'वर पण नाही. गाडीचा हीटर लावा, तो हवा गरम करतो, अंगाला चिकटून बसत नाही. खालचं सगळं ही माणसं सोडून बाकीच्यांसाठी.

तपासायची सोपी रीत अशी. रिकाम्या सीटवर हात ठेवून अंदाज घेऊ नका, कारण रिकामी गादी हवेत उष्णता सोडत असते. माणूस बसला की ती उष्णता कोंडते. म्हणून गादी 'हाय'वर लावा, वर घडी केलेली गोधडी टाका, अर्धा तास थांबा, पण गाडीजवळच थांबा. मग गोधडी उचलून तापमान मोजा. आमच्याकडे बंदुकीसारखा इन्फ्रारेड मीटर असतो. कोरोनात कपाळावर धरायचे ते मीटर इथे चालत नाहीत, ते माणसाच्या तापापुरतेच असतात. कुठेही ४५ च्या वर आकडा गेला तर मी ती गादी काढायला लावतो. शिवाय तळहात सगळीकडून फिरवा. एखादीच जागा बाकीपेक्षा चटकन तापलेली लागली तर आत तार मोडली किंवा दुमडली आहे. ती बारीक जागाच आधी करपते. सीटवर गुडघा टेकून मागचं सामान काढणं, कव्हराला टाचण्या मारणं, ही त्याची नेहमीची कारणं.

विजेचा हिशेब साधा आहे. बारा व्होल्टवर साठ वॅटची गादी पाच अँपिअर खाते. दोन लावल्या तर दहा. सॉकेटचा फ्यूज त्यात भागतो. वारंवार उडत असेल तर तो तुम्हाला शॉर्ट दाखवतो आहे, जाड फ्यूज टाकणं म्हणजे त्याचं तोंड दाबणं. फिटिंग केलेल्या गादीला स्वतःचा फ्यूज आणि रिले (विजेवर चालणारा स्विच) हवा, आणि पुरवठा असा घ्यावा की चाबी काढली की तो बंद झाला पाहिजे. थेट बॅटरीवरून घेतलेली गादी रात्रभर अंगणात उभ्या गाडीत तापत राहते. सीटखालच्या कुठल्याही तयार तारेतून 'इथूनच घेऊन टाकू' म्हणणाऱ्या कारागिराला तिथेच थांबवा. त्या तारांत पिवळी कोणती हे त्याला ठाऊक असतं तर तो असं बोललाच नसता.

सीटच्या वरून टाकायची गादी मॅटला सहसा अडवत नाही, पण तिचे इलास्टिकचे हूक सीटखाली अडकवताना लोक हाताला लागेल त्या तारेत अडकवतात. मग सीट मागे घेतली की पिवळा कपलर ओढला जातो आणि दिवा लागतो. हूक फक्त लोखंडी सांगाड्यात. आणि 'पॅसेंजर एअरबॅग ऑफ'वाल्या, वजन ओळखणाऱ्या सीटवर कसलीच गादी, उशी, मसाजची चटई नको. तिथे फोम, सेन्सर आणि मेंदू एकमेकांशी जुळवून दिलेले असतात. वर दोन इंचाचा थर आला की हिशेब चुकतो. त्या गाडीत मोठा माणूस नीट बसला असताना 'ऑफ'चा दिवा विझला पाहिजे. विझत नसेल तर त्याच्यासाठी एअरबॅग नाही, हे समजून त्याला मागे बसवा. ओली सीट किंवा मांडीवर चार्जिंगला लावलेला लॅपटॉप यानेही काही सीट फसतात, तेवढं आधी दूर करून पाहा.

लहान मूल मांडीवर घेऊन पुढे बसू नका. मॅटला मोठ्याचं वजन दिसतं, एअरबॅग मोठ्यासाठी उघडते, आणि मध्ये मूल असतं. मागे तोंड करून बसवायची बाळाची सीट तर चालू एअरबॅगच्या पुढे कधीच नाही.

हवा मारणाऱ्या सीटबद्दलही विचारतात, आमच्या उन्हाळ्यात तीच जास्त विकली जाते. तिचा पंखा सीटखाली असतो, कापसाचे तंतू आणि धूळ ओढून चोंदतो आणि गुरगुरतो. साफ करताना पिवळ्या तारांचे नियम तेच.

गुरुजींची जखम भरायला दोन महिने लागले, साखरेमुळे. पत्रे काढून टाकले, करपलेला फोम बदलला, मॅट जागेवर नीट पसरून बसवली, सॉकेटला परत पंधराचा फ्यूज घातला. आता ते शाल घेऊन बसतात. बेल्ट शालीच्या वरून न लावता आतून, अंगालगत लावायला सांगितलं, वरून लावला की धडकेत तो आधी शालीची जाडी खातो आणि मग माणसाला धरतो.

गाडी न्यायला आले त्या दिवशी गुरुजी सीटवर बसले, मुलाने चाबी फिरवली आणि दुकानाबाहेर पडायच्या आधीच टीं-टीं सुरू झालं. गुरुजींनी काच खाली घेतली. "अरे भाऊ, हे तर वाजून राहिलं न पुन्हा. दुरुस्त नाही झालं वाटते."